रिटर्न तिकीट

परदेशात जाऊन 'जगासाठी काहीतरी' करायचं, हे आपल्यातल्या अनेकांचं स्वप्न असतं. पण मध्येच जगच बंद पडलं आणि दोन दिवसांत बॅग भरून गावी यावं लागलं तर?

सोमवार, १६ मार्च २०२०. केनियातल्या माकुएनी काउंटीत एका कोरड्या नदीच्या पात्रात मी दगड वाहत होते. अक्षरशः. डोक्यावर टोपी, हातात फाटके ग्लोव्हज आणि समोर अर्धवट बांधलेली भिंत. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. मी ज्या संस्थेसोबत आले होते, तिचा मेसेज होता. सर्व परदेशी स्वयंसेवकांनी शक्य तितक्या लवकर आपापल्या देशात परतावं.

मी तो मेसेज तीनदा वाचला. मग काय केलं असेल? हातातला दगड नेऊन भिंतीपाशी ठेवला, आणि पुढचा उचलायला गेले. म्हटलं, मेसेज काय, येतच असतात!

पण या वेळचं प्रकरण वेगळं होतं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं महासाथ जाहीर केली होती. १३ मार्चला केनियात पहिला रुग्ण सापडला. १५ तारखेला राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवर येऊन शाळा बंद केल्या. त्याच दिवशी अमेरिकेच्या पीस कॉर्प्सनं साठहून जास्त देशांतले आपले सगळे, म्हणजे सुमारे सात हजार स्वयंसेवक परत बोलावले. जवळजवळ साठ वर्षांच्या इतिहासात त्यांनी असं कधीच केलं नव्हतं. थोडक्यात, जगभरातले 'मदत करणारे' एकदम आपापल्या घरी पळत सुटले होते. त्यात मी एक.

आफ्रिकेत जा लागते काय?

थोडं मागे जाऊ. मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. नागपूरहून हैदराबादला जाणारा हायवे पकडलात, की दीडशे किलोमीटरवर पांढरकवडा लागतं. त्याच्या जवळचंच आमचं गाव. घरी कापूस आणि तूर. मास कॉमची डिग्री हातात पडली तेव्हा माझ्या बॅचमधले सगळे पुण्या-मुंबईत चॅनेल नाहीतर पीआर एजन्सीत चिकटत होते. मला सहा महिन्यांची ही संधी मिळाली. जानेवारी ते जून २०२०. काम काय, तर गावकरी बांधत असलेल्या बंधाऱ्यांचं डॉक्युमेंटेशन. फोटो, मुलाखती, छोट्या फिल्म्स. आणि रोज थोडं श्रमदान.

कशासाठी गेले? दुष्काळ, पाणी, माणुसकी वगैरे सगळं होतंच. पण सीव्हीवर भारी दिसेल, हेही होतं. उगाच खोटं कशाला बोलू?

बाबांना काही ते पटलं नव्हतं. "आपल्या इकडं काय कमी वांधे हायेत काय, तं तुले आफ्रिकेत जा लागते?" त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न मी लहानपणी उलट्या बाजूनं पाहिलेला आहे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले. शेतकरी आत्महत्यांमुळे सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात आमचा जिल्हा होता. तेव्हा मी प्रायमरीत होते. त्या काळात आमच्या भागात सतत गाड्या यायच्या. कॅमेरे, वह्या, बाटलीबंद पाणी, चांगल्या चपला. ती माणसं अंगणात बसायची, आजीच्या हातचा चहा प्यायची, कर्ज किती, विहीर कधी आटली, असं विचारायची. आम्हा पोरांना चॉकलेटं द्यायची. आणि संध्याकाळच्या आत परत जायची. वाईट होती असं नाही हं. पण त्यांच्या खिशात रिटर्न तिकीट असायचं. आमच्या नसायचं.

आणि आता बघा, चांगल्या चपला घालून मीच दुसऱ्याच्या अंगणात बसले होते.

मामा म्हणजे आई

माकुएनीत उतरल्यावर पहिले चार दिवस मला 'मी कुठे आले?' असं वाटलंच नाही. तीच तापलेली जमीन, तीच काटेरी झुडपं, तेच पावसाकडे लागलेले डोळे. आणि शेतात चक्क तूर! तिकडे तिला म्बाझी म्हणतात. त्या भागात ती भरपूर पिकते आणि तिचं मोठं गिऱ्हाईक कोण, तर आपण. तुमच्या-माझ्या वरणात त्या मातीतली डाळ कधी ना कधी शिजली असणार.

भाषेनं तर धमाल आणली. स्वाहिलीत चहाला चाय आणि चपातीला चपातीच म्हणतात. दुकान म्हणजे डुका. बाबा म्हणजे बाबा. पण मामा म्हणजे आई! ज्या घरी मी राहायचे तिथल्या बाईंना दिवसभर 'मामा, मामा' म्हणून हाका मारायच्या म्हणजे सुरुवातीला फार अवघड जायचं. हे फोनवर सांगितलं, तर आजी पोट धरून हसली होती.

कामही भन्नाट होतं. तिथल्या नद्या पावसाळ्यापुरत्या वाहतात, एरवी नुसती वाळू. अशा पात्रात आडवी पक्की भिंत बांधायची. पूर आला की पाण्यासोबत वाळू येते आणि भिंतीमागे साचते. एक-दोन पावसाळ्यांत बंधारा वाळूनं भरतो. मग त्या वाळूच्या पोटात पाणी राहतं. वरून ऊन कितीही तापलं तरी ते फारसं उडून जात नाही. उन्हाळ्यात खड्डा उकरायचा नाहीतर हातपंप लावायचा, की पाणी. आपल्याकडे पाणी अडवा म्हणतात, तिकडे वाळू अडवतात. फंडा एकच.

हे सगळं गावातले गट मिळून करतात. म्वेथ्या म्हणतात त्याला. बायकाच जास्त. पाठीवर पोर आणि डोक्यावर दगड. माझा वेग त्यांच्या निम्मा असायचा. पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातातला कॅमेरा बाजूला ठेवायला लावला आणि एक म्हण सांगितली. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. सगळ्या हसल्या. मी कुदळ घेतली.

मार्चअखेर तिकडचा मोठा पाऊस सुरू होतो. त्याच्या आत भिंत पुरी व्हायला हवी होती. १६ मार्चला अजून साधारण कमरेएवढी उंची शिल्लक होती.

आणि मी निघाले!

१८ तारखेच्या रात्री मामानं चपात्या आणि नारळाच्या दुधातली म्बाझी डब्यात भरून दिली. हात मिळवायचे नाहीत म्हणून आम्ही कोपराला कोपर लावलं. मग तिनं विचारलं, "उतारुदी लिनी?" कधी येशील परत? मी म्हटलं, जूनमध्ये. सगळं निवळलं की लगेच. मला माहीत होतं, हे थाप आहे. तिलाही माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, तुला बोलावून घेणारं कुणीतरी आहे, नशीबवान आहेस.

मला ते कौतुक वाटलं नाही. लागलं.

ओढणीखालचा हात

१९ मार्चला मी नैरोबीत विमानात बसले. त्याच दिवशी भारतानं जाहीर केलं की २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं उतरू देणार नाहीत. दोन-तीन दिवस जरी रेंगाळले असते, तरी तिकडेच अडकले असते.

२० तारखेला पहाटे मुंबई. लांबलचक रांग, फॉर्म, कपाळावर रोखलेली ती थर्मामीटरची बंदूक. ताप नव्हता. मग डाव्या हाताच्या पंजामागे शिक्का. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ना, ती शाई. होम क्वारंटाइन आणि चौदा दिवसांनंतरची तारीख. थेट घरी जा, म्हणाले. घर आठशे किलोमीटरवर आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दोनच दिवस आधी पालघरला शिक्का असलेल्या चार प्रवाशांना ट्रेनमधून उतरवलं होतं. ती बातमी मोबाइलवर सारखी फिरत होती. मी नागपूरच्या विमानाचं तिकीट काढलं, ओढणी पसरून घेतली आणि डावा हात तिच्याखाली घातला.

तो हात मी नागपूरपर्यंत बाहेर काढला नाही.

शेजारच्या सीटवर एक आजी होत्या. मुलाकडे राहून नागपूरला परत चाललेल्या. एकदम गप्पिष्ट. विमान वर चढताना कान दुखतात म्हणून त्यांनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून मला दिली. मी उजव्या हातानं घेतली. त्यांनी विचारलं, कुठून आलीस गं? मी म्हटलं, मुंबईहून.

मला पुढे काही झालं नाही. ना ताप, ना आणखी काही. म्हणजे त्या आजींनाही माझ्यामुळे काही झालं नसणार. पण हे आज माहीत आहे. त्या दिवशी माहीत नव्हतं. त्या दिवशी मी एका सत्तरीच्या बाईशेजारी तासभर बसून खोटं बोलले, कारण मला घरी जायचं होतं. तीन महिने 'समाजासाठी' दगड वाहणारी मी! लिमलेटची गोळी दिसली की अजूनही मला त्या आजी आठवतात.

कापसाच्या खोलीत

नागपूरला बाबा काकांची बोलेरो घेऊन आले होते. तोंडाला दुपट्टा, गाडीच्या चारही काचा खाली. मी मागे बसले. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी... एरवी या रस्त्यावर आम्ही अखंड बडबडतो. त्या दिवशी बाबा आरशातून बघायचे आणि नजर वळवायचे. शेवटी म्हणाले, "तुह्या मायनं खोली साफ केली हाय. पण कापूस हाय तिथं."

जिल्ह्यात तेव्हा वातावरण तंग होतं. दुबईची ट्रिप करून आलेल्या पर्यटकांपैकी यवतमाळचे काही जण मार्चच्या मध्यावर पॉझिटिव्ह निघाले होते. त्यामुळे 'विदेशातून आलेली' हे दोन शब्द पुरेसे होते. दारावर कागद लागला. दूधवाला भांडं फाटकाबाहेर ठेवून लांबूनच हाक मारायचा. ज्या काकूंच्या घरी मी लहानाची मोठी झाले, त्यांनी मला बघून खिडकी लावली. आजी मात्र अंगणातून ओरडली, "माय वो, किती वाळली पोरगी!" आणि आईनं तिला धरून मागे ओढलं.

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरी मार्चमध्ये कापूस असणं म्हणजे काय, हे शहरात सांगावं लागतं. भाव वाढेल म्हणून काहीजण शेवटचा कापूस घरात भरून ठेवतात. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल होता. आणि लॉकडाऊन लागल्यावर सरकारी खरेदीच थांबली. छतापर्यंत पांढराशुभ्र ढीग आणि त्याच्या कडेला माझी खाट. फोटोत फार रोमँटिक दिसलं असतं! प्रत्यक्षात साठवलेल्या कापसानं अंगाला मरणाची खाज सुटते. सहाव्या दिवशी मला खोकला सुरू झाला.

आशाताई रोज यायच्या. तोंडाला साधा रुमाल. अंगणात उभं राहून विचारायच्या, "ताई, ताप हाय का? खोकला?" त्या दिवशी मी उत्तर द्यायच्या आतच खोकले. अंगणात एकदम शांतता. आईच्या हातातली परात खाली पडली. आशाताई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी दारातून आत नजर टाकली, ढिगाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कापूस हाय हा. हिले ओसरीत झोपवा." ओसरीला साडीचा पडदा लागला. दोन दिवसांत खोकला गेला.

त्या बाई रोज आमच्या आणि कितीतरी घरांसमोर उभ्या राहत होत्या. त्यांना कुणी मेसेज केला नव्हता, शक्य तितक्या लवकर परत या म्हणून. परत कुठे येणार? त्या आपल्या गावातच होत्या. स्वयंसेवक या शब्दाचा अर्थ मला केनियात जाऊनही नीट कळला नव्हता, तो ओसरीतल्या साडीच्या पडद्याआडून जरा कळायला लागला.

तुमी इमानानं आलत्या

३ एप्रिलला माझी मुदत संपली. शिक्का त्याआधीच पुसट झाला होता. पण खरी गोष्ट पुढे मे महिन्यात घडली.

आमच्या गावाजवळून जाणाऱ्या हायवेवर तेव्हा माणसंच माणसं होती. तेलंगणातून पैनगंगा ओलांडून उत्तरेकडे पायी निघालेली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, काहींच्या पायात प्लास्टिकच्या बाटल्या चेपून केलेल्या चपला. १ मेला तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडला पहिली श्रमिक ट्रेन सुटली, पण सगळ्यांना ट्रेन कुठे मिळाली? १९ मेला आमच्याच जिल्ह्यात, आर्णी भागात, सोलापूरकडून मजुरांना घेऊन येणाऱ्या बसचा अपघात झाला. चार जण गेले. घरी चालले होते ते.

त्याच सुमारास आमच्या गावातली तीन पोरं हैदराबादहून परतली. तिकडे बांधकामावर होती. साडेतीनशे किलोमीटर, थोडं ट्रकनं आणि बाकी पायी. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. पोरांना झेडपीच्या शाळेत ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचं छत. त्यांच्या आया भाकरी घेऊन जायच्या आणि पटांगणात ठेवून यायच्या.

मी आईसोबत एकदा पाण्याची कॅन द्यायला गेले. त्यातला एक माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. खिडकीच्या गजांतून हसला आणि म्हणाला, "ताई, तुमी इमानानं आलत्या, तुमाले घर भेटलं. आमी पायानं आलो तं आमाले शाळा."

त्यात टोमणा नव्हता. तो गंमत करत होता. पण माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं. कारण तो बरोबर होता. आजार देशात आला विमानानं, आणि काट्या लागल्या पायी येणाऱ्यांच्या वाटेवर. हात ओढणीखाली लपवून मी घरी पोहोचले. त्याच्याकडे लपवायला ओढणीही नव्हती.

मग मी काय केलं? क्रांती वगैरे काही नाही. गावातले काहीजण हायवेवर पाण्याचे रांजण भरून ठेवत होते, त्यांच्यासोबत रोज सकाळी जायला लागले. केनियातल्या निम्म्या वेगानं का होईना, पण कॅमेरा घरी ठेवून. आठवड्यानं बाबाही यायला लागले. जाताना एकदा म्हणाले, "आफ्रिकेतून काहीतरी शिकून आली म्हणा." आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

आणि तो बंधारा?

मी निघाल्यावर दहा दिवसांत पूर्ण झाला. माझ्याशिवाय! बायकांनीच केला. एप्रिलमध्ये मोबाइलवर फोटो आला. लालसर पाण्याचा पूर भिंतीवरून उड्या मारतोय आणि काठावर सगळ्या जणी उभ्या. मला आनंद झाला आणि जरा रडूही आलं. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. ते कळणं गरजेचं होतं बहुतेक.

जूनमध्ये आमच्याकडे पाऊस आला. घरातला कापूस एकदाचा विकला गेला. पेरणीच्या दिवशी बाबांनी कपाशीच्या ओळींमध्ये तूर टोबायला मला सोबत घेतलं. त्या दिवशी मामाला फोटो पाठवला. म्बाझी पेरतेय, म्हटलं. तिकडची तूर तेव्हा शेतात उभी होती. तिनं परत तेच विचारलं, उतारुदी लिनी?

आज मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते. गावाकडच्या बातम्या करायला जाते, तेव्हा अजूनही कुणाच्या तरी अंगणात बसते, चहा पिते आणि संध्याकाळची बस पकडते. रिटर्न तिकीट असतंच खिशात, ते काही फेकून देता येत नाही. फक्त आता वही काढायच्या आधी सांगते, की मी आज परत जाणार आहे. आणि कुणी काम करत असेल तर आधी विचारते, मी काय धरू?

माकुएनीला मी अजून परत गेलेले नाही. मामाला आता खोटी तारीख सांगत नाही. ठरलं की कळवेन, एवढंच सांगते. आणि पोहोचले, की दोन दिवसही थांबणार नाही. पहिल्याच दिवशी कुदळ मागून घेईन.